इंग्रजी पुस्तकांची आवड लायब्ररीने कशी जपली: एका वाचक मुलीची केस

ही केस एका मुलीची आहे. पहिल्यांदा लायब्ररीत आली तेव्हा वय १३, आज ती पस्तिशीत आहे आणि अजूनही तिच्या हातात कायम एखादं इंग्रजी पुस्तक असतं, कामासाठी नाही, आवडतं म्हणून. काम तिचं हिशेबाचं आहे, इंग्रजी शिकवणं-लिहिणं याच्याशी काही संबंध नाही. घरी कोणी इंग्रजी बोलत नव्हतं, शाळा मातृभाषेतली, इंग्रजी म्हणजे आठवड्यातले काही तास आणि धड्याखालची प्रश्नोत्तरं एवढंच. तिला विचारूनच लिहितेय, नाव-गाव देत नाही. मी तेव्हा देवघेव काउंटरला असायचे त्यामुळे तिच्या कार्डावर चढलेली बरीचशी पुस्तकं माझ्याच हातून गेलीत, बाकीचं तिने नंतर स्वतः सांगितलं.

वाचनाची गोडी म्हटलं की उत्तम साहित्य मुलांच्या हातात द्या असं सगळेच म्हणतात. चूक नाही ते. पण दुसऱ्या भाषेत वाचणाऱ्या मुलांच्या बाबतीत मला वाटतं लायब्ररीचं खरं काम वेगळं आहे. सोपं पुस्तक घेताना लाज वाटू नये, आणि न आवडलेलं पुस्तक अर्धवट परत करताना कोणी जाब विचारू नये. या मुलीचं पुढचं सगळं या दोन गोष्टींवर उभं राहिलं असं माझं ठाम मत आहे.

पेन्सिलीने लिहिलेले अर्थ

तिने पहिल्यांदा नेलं ते इंग्रजीतलं एक जाडजूड पुस्तक, मोठ्यांची कादंबरी, कव्हर छान होतं म्हणून. चार-पाच दिवसांत परत. परत आलेलं पुस्तक आम्ही फाटलंय का, खराब झालंय का म्हणून चाळून बघतो, तसं चाळलं तर पहिल्याच पानावर शब्दांच्या डोक्यावर बारीक अक्षरात पेन्सिलीने अर्थ लिहिलेले. तीसेक तरी असतील. दुसऱ्या पानावर जरा कमी, चौथ्या-पाचव्या पानावर पाच-सात, नवव्या पानावर दोनच, आणि पुढे पुस्तक कोरं. आता नवव्या पानापर्यंत पोचेस्तोवर तिला सगळे शब्द यायला लागले असं तर नव्हतंच, तिने हात टेकले होते.

नियमाप्रमाणे पुस्तकात लिहिलं की दंड. ती समोर उभी, चेहरा उतरलेला, "मॅडम, किती भरायचे?" मी पुस्तक आमच्या ग्रंथपाल सरांकडे नेलं. त्यांनी पहिलं पान बराच वेळ बघितलं, मग ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि म्हणाले, "अगं, दंड-बिंड काही नाही. हे खोडून टाक, पण हळू, कागद पातळ आहे." ती वाचनकक्षात बसून एकेक शब्द खोडत बसली. खोडून झाल्यावर सरांनी तिला जवळ बोलावलं आणि सांगितलं की एका पानावर साधारण तीनशे शब्द असतात, त्यातले तीस तुला अडले म्हणजे दर दहावा शब्द अडला, असं कोणीही वाचू शकत नाही, मीसुद्धा नाही. हे पुस्तक आहे इथेच, अजून दोन-तीन वर्षांनी घे.

सरांनी हे अनुभवातून सांगितलं होतं, पण त्याला अभ्यासाचा आधार आहे. पॉल नेशन हे भाषातज्ज्ञ, शब्दसंग्रहावरचं त्यांचं काम प्रसिद्ध आहे. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष असा की कोणाची मदत न घेता आरामात वाचायचं तर मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द जास्तीत जास्त सहा. आणि साध्या कादंबरीत ९८ टक्क्यांपर्यंत जायचं तर ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं यावी लागतात (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब), हा आकडा त्यांच्या २००६ च्या लेखातला आहे. शाळेतल्या इंग्रजीवर तेरा वर्षांच्या मुलीकडे हजारभर असतील तर खूप झाले. म्हणजे हा आळशीपणाचा किंवा हुशारीचा प्रश्नच नव्हता, पुस्तक आणि वाचक यांच्यातलं अंतर फार होतं इतकंच. पण हे तिला कोणी सांगितलंच नसतं तर "आपल्याला इंग्रजी पुस्तकं जमत नाहीत" हेच डोक्यात पक्कं झालं असतं, आणि बहुतेक मुलांचं तिथेच संपतं.

४२८ मध्ये अडकलेली पुस्तकं

आता मजा बघा, तिला योग्य पुस्तकं लायब्ररीत होतीच. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम मोजक्या शब्दांत लिहिलेल्या गोष्टींच्या मालिका असतात, पायऱ्या-पायऱ्यांच्या. आमच्याकडे ऑक्सफर्ड बुकवर्म्सचा जवळपास पूर्ण संच होता. त्यात पहिल्या पायरीला ४०० मूळ शब्द, दुसरीला ७००, मग १,०००, १,४००, १,८०० आणि सहाव्या पायरीला २,५००. पण विषयाप्रमाणे पुस्तकांना आकडे देऊन लावायच्या ड्यूई पद्धतीत ही पुस्तकं भाषा शिकण्याची पुस्तकं म्हणून ४२८ मध्ये जातात, म्हणजे व्याकरणाच्या आणि परीक्षेच्या गाइडांच्या मधोमध. गोष्ट वाचायला आलेलं मूल त्या कपाटाकडे जाईलच कशाला? ते जाणार ८२३ कडे, जिथे इंग्रजी कादंबऱ्या असतात, आणि तिथलं पहिलंच पुस्तक त्याला पाडणार. वर्गीकरण आपल्या जागी बरोबर होतं, पण पुस्तकं वर्षानुवर्षं कोणी हलवली नव्हती, पुस्तक नेल्याची तारीख ज्यावर पडते त्या तारीख-चिठ्ठ्या बघितल्या तर अर्ध्याअधिक कोऱ्या.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यातला एक आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आम्ही सगळे तो पाठ करून परीक्षा पास झालेलो. सरांनी त्या आठवड्यात ती सगळी पुस्तकं ४२८ मधून बाहेर काढायला लावली आणि काउंटरजवळच्या उघड्या रॅकवर, हात सहज पोचेल अशा उंचीवर लावली. दाखल क्रमांक, वर्गांक तेच ठेवले, फक्त पुस्तकाच्या कार्डावर जागा बदलल्याची नोंद. कण्यावर पायरीप्रमाणे रंगीत पट्ट्या. पट्ट्यांवर "सुरुवातीची", "मुलांसाठी" असं काहीही लिहायचं नाही यावर ते अडून बसले होते, आणि किती बरोबर होते ते! तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला बालवाचन नको असतं. तिला खून, भुतं, प्रेम, समुद्रातली वादळं हवी असतात, भाषा तेवढी सोपी हवी. या मालिकांचं बळ तेच आहे, विषय मोठ्यांचे आणि शब्द मोजके.

तिने हिरव्या पट्टीचं, म्हणजे दुसऱ्या पायरीचं पुस्तक नेलं. दुसऱ्या दिवशी परत. मला वाटलं पुन्हा तेच झालं. विचारायचं नाही असं ठरलेलं होतं म्हणून मी काही विचारलं नाही, पण तीच म्हणाली, "मॅडम, संपलं." आणि दोन मिनिटांनी परत वळून, "म्हणजे सगळंच वाचलं मी." एक अख्खं इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झालंय हे तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. दुसऱ्या पायरीचं पुस्तक सहा-सात हजार शब्दांचं असतं, तासा-दीड तासात होतं. पण संपवण्याचा जो अनुभव आहे ना, तो आधी मिळायला हवा, साहित्याची थोरवी नंतर.

पुढची दोनेक वर्षं ती हा रॅक वाचत गेली. मध्ये कधी वरची पायरी घेऊन परत खालची, कधी तीच गोष्ट पुन्हा, कधी चार पानं वाचून परत. कोणी टोकलं नाही. माझ्या मते खाली उतरायची मोकळीक हा या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण शाळेत एकदा पाचवीत गेलं की परत चौथीत जाणं म्हणजे नापास होणं असतं, इथे तसं काही नव्हतं.

वडील आणि शाळेतल्या बाई

एकदा तिचे वडील आले. भांडायला वगैरे नाही, काळजीने. परीक्षेचं वर्ष जवळ येतंय आणि मुलगी गोष्टी वाचत बसते, याने मार्क वाढतील का, असा सरळ प्रश्न. सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि फिजीची हकिकत सांगितली. तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये, जिथे इंग्रजी ही दुसरी भाषा, एली आणि मंगुभाई या संशोधकांनी वर्गांना अडीचशेच्या आसपास गोष्टीची पुस्तकं दिली, आणि १९८३ मध्ये निकाल छापले. नेहमीच्या पद्धतीने धडे शिकणाऱ्या मुलांच्या तुलनेत गोष्टी वाचणाऱ्यांचं वाचन जवळपास दुप्पट वेगाने सुधारलं, आणि दुसऱ्या वर्षी तो फायदा भाषेच्या बाकीच्या कौशल्यांतही दिसायला लागला. सर म्हणाले, "साहेब, दुसऱ्या वर्षी, हे लक्षात घ्या. पुढच्या चाचणीत दिसेल असं मी म्हणत नाही." वडिलांना हे पटलं असावं, कारण नंतर तेच कधीकधी तिची पुस्तकं जमा करायला यायचे.

शाळेतल्या एका बाईंनी हे ऐकून सुचवलं की मग प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहून घ्या, आम्ही तपासतो. हेतू चांगलाच होता. सरांनी नम्रपणे नाही म्हटलं. डे आणि बॅमफर्ड या अभ्यासकांनी २००२ मध्ये दुसऱ्या भाषेतल्या भरपूर वाचनाची दहा तत्त्वं मांडली त्यातही हेच आहे की वाचन हेच वाचनाचं बक्षीस, मागे प्रश्नोत्तरं लावायची नाहीत. मुलीने स्वतःहून मात्र एक वही केली होती, पुस्तकाचं नाव आणि एक वाक्य, बस. ती वही आम्ही कधी मागितली नाही.

पंधरा दिवसांचा हिशेब

हा भाग लायब्ररीत काम करणाऱ्यांनी जरूर वाचावा. आमची पुस्तकं पंधरा दिवसांसाठी जायची. साधारण ९०,००० शब्दांची कादंबरी धरा. ज्याची भाषाच इंग्रजी आहे तो मिनिटाला अडीचशेच्या आसपास शब्द वाचतो, म्हणजे सहा तास, रोज अर्धा तास दिला तर बारा दिवस. पंधरा दिवसांत आरामात बसतं. दुसऱ्या भाषेत वाचणारं मूल मिनिटाला शंभर शब्दांनी वाचत असेल तर तेच पुस्तक पंधरा तासांचं, रोज अर्ध्या तासाने पूर्ण महिना. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा आणि तरी या मुलांना पुस्तक संपायच्या आधीच दंड! सरांनी मूळ इंग्रजी कादंबऱ्यांना, वाचकाने नुसतं सांगितलं तरी, पुस्तक न आणता एकदा मुदत वाढवून द्यायला सुरुवात केली. कमिटीने आधी कुरकुर केली, मग कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. पण तिच्यासारख्या हळू वाचणाऱ्यांना त्या जास्तीच्या पंधरा दिवसांनी किती आधार दिला ते मी काउंटरवरून बघितलंय.

२,५०० ते ८,०००

खरा कस लागला तो सहावी पायरी संपल्यावर. रॅक संपला. आता मूळ पुस्तकं घ्यायची, पण आकडे वर दिलेच आहेत, सहावी पायरी २,५०० शब्दांवर संपते आणि मूळ कादंबरी ८,००० मागते. मधल्या जागेत काही नाही. तिने उत्साहाने एक मूळ कादंबरी नेली आणि पुन्हा डिक्शनरी घेऊन बसायची वेळ आली. मग काही महिने तिच्या कार्डावर फक्त मातृभाषेतली पुस्तकं आहेत, इंग्रजी एकही नाही. मला फार वाईट वाटायचं, मी सरांना म्हणायचे तिला काहीतरी सुचवू या ना. ते म्हणायचे वाचतेय ना, मग वाचू दे.

तोच मातृभाषेचा काळ कामाला आला. तिने काही इंग्रजी कादंबऱ्यांचे अनुवाद वाचले, आवडले, आणि मग एक दिवस मूळ पुस्तक मागितलं. गोष्ट माहीत, माणसं माहीत, त्यामुळे अनोळखी शब्द आले तरी पाय घसरत नव्हता. दुसरं काम शेरलॉक होम्सने केलं. त्याच्या सोप्या आवृत्तीतल्या गोष्टी तिने आधीच वाचल्या होत्या. मूळ होम्सच्या ५६ लघुकथा आणि ४ कादंबऱ्या आहेत. माणसं तीच दोघं, घर तेच, गोष्टीची चाल तीच, आणि एकेक लघुकथा साधारण आठ-नऊ हजार शब्दांत संपणारी. सुरुवातीला घोडागाड्या, कपडे, शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू यांचे शब्द अडायचे, पण सहाव्या-सातव्या गोष्टीपर्यंत तेच शब्द इतक्यांदा समोर आले की अडणं बंद झालं. स्टीफन क्रॅशन या भाषातज्ज्ञांनी अशा वाचनाची शिफारस केलीय, एकच लेखक किंवा एकच विषय धरून सलग वाचायचं. लेखकाचे शब्द ठरलेले असतात, त्याची वाक्यांची सवय ठरलेली असते, म्हणून पहिलं पुस्तक जड आणि पाचवं हलकं. आम्ही शाळा-कॉलेजात नेमकं उलटं करतो, प्रत्येक धडा वेगळ्या लेखकाचा.

डिक्शनरीचंही जरा सांगते. सर तिला द्वैभाषिक कोशावरून लाँगमनच्या विद्यार्थ्यांसाठीच्या डिक्शनरीवर घेऊन आले, जिच्यात अर्थ साधारण २,००० सोप्या शब्दांतच लिहिलेले असतात. तोवर तिला तेवढे शब्द येत होते त्यामुळे अर्थ इंग्रजीतच कळायचा. अट एकच, प्रकरण संपेपर्यंत उघडायची नाही. न कळलेलं वाक्य सोडून पुढे जायला ती इथे शिकली. हे आम्हाला फार छोटं वाटलं होतं, पण ती स्वतः आज सांगते की तिला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

उच्चारांची बाजू मात्र कच्ची राहिली होती. वाचून वाचून शब्द डोळ्याला माहीत झाले, कानाला नाही. २००५ मध्ये लिब्रिवॉक्स सुरू झालं, कॉपीराइट संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचून रेकॉर्ड करतात आणि फुकट ऐकायला ठेवतात. पुढे लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर हेडफोन लावून, समोर पुस्तक उघडं ठेवून ती तासनतास ऐकत बसायची.

बालविभागाचं कार्ड संपतं तेव्हा

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे लक्ष जात नाही. बालविभागाचं सभासदत्व ठराविक वयाला संपतं, नवा फॉर्म, नवी अनामत, ओळखीचा दाखला, आणि नेमका हाच काळ परीक्षांचा. मुलं या फटीतून गळतात, परत येत नाहीत. सरांनी तिचं कार्ड मुदत संपायच्या आधीच मोठ्यांच्या विभागात वर्ग करून घेतलं, फॉर्म स्वतः भरून फक्त वडिलांची सही मागितली. परीक्षेच्या वर्षी ती क्वचित यायची, पण कार्ड चालू होतं त्यामुळे परीक्षा संपल्यावर परत यायला कुठलीच अडचण नव्हती, आणि ती आली. पहिली कादंबरी, ती पेन्सिलीवाली, याच सुमारास तिने पुन्हा नेली. मुदतीत वाचून परत केली आणि आवडली नाही म्हणाली. मला ते फार आवडलं. इंग्रजी पुस्तक आवडलं नाही असं म्हणायला आधी ते वाचता यावं लागतं.

नंतर ती शिकायला दुसरीकडे गेली, तिथे जवळपास लायब्ररी नव्हती. मग प्रोजेक्ट गुटेनबर्ग, जे १९७१ पासून कॉपीराइट संपलेली पुस्तकं फुकट उपलब्ध करून देतंय, तिथून वाचत राहिली. पुस्तक कसं निवडायचं, कधी सोडायचं, एका लेखकाच्या मागे कसं लागायचं हे तिला येत होतं त्यामुळे रॅक नसला तरी चाललं.

सध्याची स्थिती

आता ती इतिहास आणि प्रवासवर्णनं जास्त वाचते, कादंबऱ्या कमी. कविता अजूनही इंग्रजीत वाचवत नाहीत म्हणते, कवितेसाठी मातृभाषाच. सर निवृत्त झालेत, रॅक आहे, पट्ट्या दोनदा बदलल्या. सहाव्या पायरीनंतरची जी रिकामी जागा होती तिथे आता एक वेगळा खण केलाय, लहान आणि सलग वाचता येतील अशा मूळ पुस्तकांचा, आणि त्यातली निम्मी नावं तिने सुचवलेली आहेत. लघुकथा आणि रहस्यकथा सतत बाहेर असतात. तिने सुचवलेली नाटकं मात्र फारशी कोणी नेत नाही. संवादच संवाद असतात त्यामुळे सोपी जातील असा तिचा अंदाज होता, पण कोण कोणाला काय सुनावतंय हे धरायला मुलांना जड जातं असं दिसतंय, त्यामुळे या वर्षी ती नाटकं ऐकण्याच्या सोयीसोबत ठेवून बघतोय.